दम लवकर येतो, हाड उशिरा येतं: नडगीची दुखापत आणि मॅरेथॉनची तयारी

एप्रिल-मेमधे लातूरला पहाटे पाचला पण अंगातून धारा लागतात. आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक ते दोन महिने धावतच नाहीत, मी पण त्यातलीच. मग मिरगाचा पहिला पाऊस पडला, हवा गार झाली की सगळ्यांना एकदम हुरूप येतो आणि राहिलेलं सगळं भरून काढायची घाई होते. त्या वर्षी मी तीन आठवड्यांत आठवड्याला १२ किलोमीटरवरून ३८ वर गेले. दम लागत नव्हता, पाय दुखत नव्हता, मला वाटलं जमायलंय. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डाव्या नडगीला आतल्या बाजूनं एका ठिकाणी दुखायला लागलं, आधी फक्त धावताना, मग जिना उतरताना, आणि नंतर रात्री झोपेत पण ठणकायला लागलं.

जानेवारीत मला ४२ किलोमीटर धावायचं होतं, आणि ते नुसतं माझ्या हौसेपुरतं नव्हतं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची लेकरं मागं गावात राहून शिकतात, त्यांच्या वसतिगृहासाठी मी पैसे गोळा करत होते. दिवाळीच्या आसपास बैलगाड्या आणि ट्रक भरून माणसं कारखान्यांकडं जातात, लेकरांना सोबत नेलं की चार-पाच महिने शाळा सुटते ती सुटतेच. शाळेतले सहकारी, नातेवाईक, जुने विद्यार्थी अशा सगळ्यांनी मिळून ६८,००० रुपये दिले होते. आणि पाय असा.

तेव्हा हे सगळं मला कुणीतरी साध्या मराठीत समजावून सांगायला पाहिजे होतं, म्हणून लिहायलेय. आणि आणखी एका कारणानं. आमच्या क्रीडा संकुलावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी येतात, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि त्यातल्या कितीतरी जणांच्या तोंडी एकच असतं, मॅडम नडग्या भरल्यात. कडक मैदान, झिजलेले बूट, जाहिरात निघाली की दोन महिन्यांत शून्यावरून सुरुवात. मॅरेथॉन असो की भरती, नडगीच्या हाडात आत जे होतं ते सारखंच असतं.

तर आत काय होतं. हाड म्हणजे काठी नाही, ते जिवंत असतं आणि आयुष्यभर स्वतःची डागडुजी करत असतं. धावताना नडगीचं हाड प्रत्येक पावलाला किंचित वाकतं आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात, हे नॉर्मल आहे, त्यातूनच हाड मजबूत होतं. पण दुरुस्तीची पद्धत बघा. आधी ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी येऊन जुनं, चिरलेलं हाड उकरून काढतात, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी येऊन नवीन हाड भरतात, आणि त्याला तीन महिने किंवा जास्तच लागतात. म्हणजे खड्डा झटपट खणला जातो आणि भरायला वेळ लागतो, आपल्याकडं पाइपलाइनसाठी रस्ता उकरून ठेवतात आणि डांबर नंतर कधीतरी पडतं, तसंच. एकदम धावणं वाढवलं की एकाच वेळी खूप जागी उकरणं सुरू होतं आणि तीन-चार आठवड्यांनी हाड सगळ्यात पोकळ अवस्थेत असतं. नेमकं तेव्हाच आपण जोरात असतो, कारण दम आलेला असतो. माझा हिशोब करून बघा, जूनच्या मध्यात वाढवलं आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुखलं. त्यात दैवाचा काही भाग नव्हता.

नवीन भरलेलं हाड पण लगेच कडक नसतं. आधी नुसता मऊ साचा तयार होतो, मग त्यात हळूहळू कॅल्शियम आणि फॉस्फरस बसत जातात. घराचा स्लॅब टाकल्यावर आपण कितीतरी दिवस पाणी मारतो, वरून दुसऱ्या दिवशीच कडक दिसतो म्हणून कुणी सेंट्रिंग काढत नाही. नडगीचं असंच आहे, दुखायचं थांबलं म्हणजे स्लॅब पिकला असं नाही.

आता मुख्य प्रश्न, नडगी दुखती म्हणजे नक्की काय झालंय. यात सरसकट दोन गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे शिन स्प्लिंट, त्यात नडगीच्या आतल्या कडेला बोटभर किंवा त्याहून लांब पट्टा दुखतो, सुरुवातीला दुखतं आणि अंग गरम झालं की कमी होतं. दुसरी म्हणजे स्ट्रेस रिॲक्शन, म्हणजे हाडाच्या आत सूज, आणि ती पुढं गेली की स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडात चीर. यात अंगठ्यानं दाबत गेलं की एका ठराविक जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, कळ येते, धावत राहिलं की वाढत जातं, एका पायावर उडी मारली की टोचतं आणि रात्री ठणकतं. ही अंगठ्याची तपासणी घरी करता येते पण शेवटचा निकाल तिच्यावर लावू नका. आणि हे नीट लक्षात ठेवा की पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, कारण एक्स-रेला हाडातली सूज दिसत नाही. माझा एक्स-रे नॉर्मल आला, मला हायसं वाटलं आणि मी अजून आठ दिवस धावले, ते आठ दिवस मला पुढं महाग पडले. एमआरआयमधे कळलं की हाडाच्या आत सूज आहे, फ्रॅक्चरची रेष पडलेली नाही. आणखी पंधरा दिवस रेटलं असतं तर रेष पण पडली असती.

काही जागा अशा आहेत की तिथं दुखलं तर घरी वाट बघायचीच नाही. जांघेत खोलवर दुखणं, नडगीच्या अगदी समोरच्या धारेवर एका जागी दुखणं, आणि पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध दुखणं. या हाडांना तिथं रक्तपुरवठा तरी कमी असतो नाहीतर ताण तरी असा पडतो की चीर उघडत जाते, त्यामुळं ती सहज भरत नाहीत. जांघेतलं खुब्याचं हाड पूर्ण तुटलं तर ऑपरेशनची वेळ येते. सरळ हाडाच्या डॉक्टरकडं जायचं.

इथं एक गोष्ट जरा सावकाश सांगते कारण इंटरनेटवर यातच सगळ्यात जास्त घोळ होतो. शरीराच्या प्रत्येक भागाची बरं व्हायची रीत वेगळी आहे. स्नायूत रक्त भरपूर, साधी लचक दोन-चार आठवड्यांत भरते. टाचेमागचा स्नायुबंध दुखावला असेल तर त्याला पूर्ण आराम चालत नाही, उलट त्याला हळूहळू वजन द्यावं लागतं, थोडं दुखलं, म्हणजे दहापैकी दोन-तीन, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जागेवर आलं तर व्यायाम चालू ठेवायला हरकत नसते. पण हाडाला हा नियम लागू नाही. हाडाच्या बाबतीत दहापैकी शून्य. एक पण नाही. एखाद्यानं तुम्हाला सांगितलं की थोडं दुखलं तरी पळ, मी तसंच बरा झालो, तर आधी त्याला विचारा तुझं काय दुखत होतं.

आणि आता ज्या गोष्टीमुळं बरी झालेली माणसं परत आजारी पडतात ती. आराम केला की दम कमी होतो, ही प्रत्येकाची धास्ती असते. चांगल्या सराव असलेल्या खेळाडूंना सगळा व्यायाम बंद करायला लावून मोजलेलं आहे, ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के घटली आणि बारा आठवड्यांत सुमारे १६ टक्के. सुरुवातीची घट तर मुख्यतः रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळं असते आणि सराव सुरू केला की ती लवकर भरून येते. म्हणजे दम जातो हळू आणि येतो लवकर. हाडाचं उलटं आहे, बिघडतं तीन आठवड्यांत आणि भरतं महिन्यांनी. या दोघांच्या मधल्या फटीतच दुसरी दुखापत होते. छाती म्हणती चल आणि हाड अजून ओलं असतं.

यावरून दुखापतीतली तयारी म्हणजे काय ते आपोआप कळतं. छातीला रोज काम द्यायचं, हाडाला मोजून मापून द्यायचं.

छातीसाठी मी आधी सायकल चालवली, घरातलीच जुनी, औसा रोडला जाऊन येऊन तासभर. मग ऑगस्टच्या शेवटी माहेरच्या शेतातली विहीर भरली. पाण्यात धावणं हा खरोखरचा व्यायाम आहे, मोठमोठे खेळाडू दुखापतीत करतात. खोल पाण्यात कमरेला तरंगायचा पट्टा बांधायचा, पाय तळाला टेकू द्यायचे नाहीत आणि जागच्या जागी धावल्यासारखे हातपाय मारायचे. हाडावर दणका शून्य आणि पाच मिनिटांत धाप लागते. माझ्याकडं पट्टा नव्हता, ट्रॅक्टरची ट्यूब पण मोठी झाली, शेवटी मोटरसायकलची ट्यूब काखेत अडकवली. पण मला लहानपणापासून पोहता येतं, काठावर भाऊ दोर धरून बसायचा आणि पायऱ्या असलेली विहीर होती. पोहता येत नसेल तर याच्या नादी लागू नका, एकट्यानं तर मुळीच नाही, सायकल आहेच.

हाडासाठी काय? पहिले काही आठवडे फक्त न लंगडता चालता यावं एवढंच. त्याच काळात पोटरी मजबूत करायची, हे फार महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. पोटरीच्या आतल्या थरात सोलियस नावाचा स्नायू असतो, धावताना तो शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर पेलतो आणि नडगीचं हाड वाकण्याला आतून आवर घालतो. तो थकला की सगळा भार हाडावर. उंबऱ्यावर पावलाचा फक्त पुढचा भाग ठेवून टाच वर-खाली करायची, गुडघा सरळ ठेवून आणि मग गुडघा वाकवून, कारण गुडघा वाकवल्यावर सोलियसला जास्त काम पडतं. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, मग पाठीला ज्वारीची पाच किलोची पिशवी घेऊन. दुखलं नाही तरच पुढची पायरी.

धावायला परत कधी लागायचं याला तारीख नसते, अटी असतात. फिजिओनं मला अशा दिल्या होत्या: दाबून दुखत नाही, सलग आठवडाभर रोज अर्धा तास भरभर चालून दुखत नाही, एका पायावर टाच उचलणं वीस वेळा जमतं, आणि त्याच पायावर दहा उड्या मारून काही होत नाही. या सगळ्या पूर्ण व्हायला मला जवळपास सात आठवडे लागले, सप्टेंबरचा दुसरा आठवडा उजाडला. कुणाला चार लागतील, कुणाला बारा, रेष पडली असेल तर जास्तच. पहिल्या दिवशी एक मिनिट धावणं आणि चार मिनिटं चालणं, असं सहा वेळा, बस. दुसऱ्या दिवशी सुट्टी. पुढच्या खेपेला दोन आणि तीन. सलग दोन दिवस धावायचं नाही कारण हाडाच्या पेशी थोड्याच दणक्यांनंतर बधिर होतात, त्यानंतरच्या दणक्यांनी हाड मजबूत होत नाही, नुसतं झिजतं, आणि विश्रांतीनंतर त्या परत जाग्या होतात. म्हणून एकदाच खूप करण्यापेक्षा थोडं थोडं, मधे वेळ देऊन केलेलं हाडाला लागतं. आधी अंतर वाढवायचं, वेग अगदी शेवटी. पावलं लहान आणि जरा भरभर टाकायची, मिनिटाला आठ-दहा पावलं जास्त पडली तरी दर पावलाचा दणका कमी होतो.

बुटांबद्दल फार लिहीत नाही, झिजलेले बदला आणि पायाला आरामाचे घ्या, महागडे बूट म्हणजे उपचार नाही. वेदनाशामक गोळी खाऊन मात्र धावायचं नाही. हाडाचा एकुलता एक निरोप तोच आहे, तो बंद करून काय मिळवणार, शिवाय घामानं पाणी कमी झालेलं असताना तसल्या गोळ्या किडनीला त्रास देतात.

खाण्यावर मात्र थांबावंच लागेल, विशेष करून बायकांसाठी. मी श्रावणी सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी सगळं करायची आणि त्याच दिवशी सकाळी धावायची पण. शरीराला जेवढं लागतं त्यापेक्षा सतत कमी पडलं की ते आधी बिनगरजेचा खर्च बंद करतं, आणि शरीराच्या दृष्टीनं पाळी हा असाच खर्च. पाळी लांबते, चुकते, आणि पुष्कळ जणींना बरंच वाटतं की धावताना कटकट नको. पण पाळी चुकती म्हणजे इस्ट्रोजेन कमी झालंय, आणि हाड उकरणाऱ्या पेशींना आवरून धरायचं काम इस्ट्रोजेनच करतं. ते गेलं की उकरणं वाढतं आणि भरणं मागं पडतं. ऑलिम्पिक समितीनं २०१४ पासून या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलंय आणि ती पुरुषांत पण होते. डॉक्टरांनी मला पाळीबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणलं पायाचा आणि पाळीचा काय संबंध. एवढा संबंध होता.

मग नवरात्र आलं. नऊ दिवसांचे उपवास आमच्या घरात मोडलेले नाहीत. मी आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, घाबरत घाबरत सांगितलं की हाड भरायचंय, या वर्षी नाही झेपणार. त्या म्हणल्या, उठता-बसता धर, देवीला हाडं मोडलेली लेक नको असती. मी घट बसला त्या दिवशी आणि उठला त्या दिवशी उपवास धरला, मधे रोज दोन वेळा पोटभर जेवले.

आपल्या जेवणात ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, पण ज्वारीत कॅल्शियम अगदी थोडं, मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. ते दूध, दही, ताक, तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला यातून येतं, नाचणी आपल्याकडं पिकत नसली तरी दुकानात मिळते. तिळाची चटणी भाकरीसोबत रोज खावी. डाळ-उसळ, अंडी खाणाऱ्यांनी अंडी, कारण हाडाचा साचा प्रथिनांचा असतो. राहिलं ड जीवनसत्त्व. मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही पण आम्ही अंधारात धावतो, दिवसभर वर्गात असतो आणि बाहेर पडलं की स्कार्फ. रक्त तपासून डॉक्टर सांगतील तेवढेच डोस घ्या, आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी स्वतःच्या मनानं महिनोन्‌महिने घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून वेगळंच दुखणं लागतं.

आता पैशांचं ओझं. चॅरिटी बिब म्हणजे संस्थेच्या नावानं धावायचा नंबर, तो घेणारा आपल्या ओळखीतून संस्थेसाठी निधी गोळा करतो. २००४ ला सुरू झालेल्या मुंबईच्या मॅरेथॉननं ही पद्धत आपल्याकडं मोठी केली. यात गोम अशी की लोकांनी पैसे दिलेत म्हणून आता धावलंच पाहिजे असं वाटतं आणि दुखणं लपवलं जातं. मी पण जुलै ते सप्टेंबर कुणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची चाललंय.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी वही घेऊन बसले. चालणं धरून माझं सगळ्यात लांब अंतर ७ किलोमीटर होतं. आठवड्याला १० टक्के वाढवलं तर दहा आठवड्यांनी १८ होतात. हा १० टक्क्यांचा नियम म्हणजे काही ब्रह्मवाक्य नाही, चाचणीत तो पाळणाऱ्या नवख्या धावपटूंना दुखापती कमी झाल्या असं दिसलेलं नाही, पण एका दिवसात मोठी उडी घेणं वाईट हे आता पुष्कळ जण मानतात आणि हिशोबाला काहीतरी आकडा लागतोच. ४२ धावायला आधी एकदा तरी ३० च्या आसपास जाऊन यावं लागतं. १८ आणि ३०. रडू आलं, खरंच. पण आकडा आकडा होता.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या ताईंना फोन केला, त्यांनी आयोजकांशी बोलून माझा बिब ४२ चा २१ करून घेतला. हे सगळीकडं होतंच असं नाही, म्हणून लवकर विचारायचं, आठवडा उरल्यावर नाही. मग देणगी देणाऱ्या सगळ्यांना मेसेज केला की नडगीचं हाड दुखावलंय, पूर्ण मॅरेथॉन होणार नाही, अर्धी करणार आहे, कुणाला पैसे परत पाहिजे असतील तर मोकळेपणानं सांगा. एकानं पण मागितले नाहीत. आमच्या शाळेच्या क्लार्कनी फक्त विचारलं, मॅडम, लेकरांना दिवाळीच्या आधी पैसे पोचतील ना? पोचले होते. किलोमीटरबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर थंडीत छान गेले. एकदाच, डिसेंबरच्या सुरुवातीला, १३ किलोमीटरनंतर जुनी जागा दाबल्यावर हलकं जाणवलं. मी दहा दिवस परत सायकलवर गेले आणि मग १२ पासून सुरुवात केली. एवढीच शिस्त, पण ती पाळायला मला एक दुखापत खर्ची घालावी लागली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमधे सुवर्ण जिंकल्यापासून आमच्या संकुलावरची पोरं त्याच्यासारखं धावायचं म्हणतात, धावा की, पण त्याच्या त्या साडेआठ मिनिटांच्या आतल्या ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीमागं वर्षानुवर्षं भरत गेलेलं हाड आहे, दोन महिन्यांचं नाही.

जानेवारीत मी चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असं पहिल्या किलोमीटरपासून धरलं, दमल्यावर चालायचं नाही तर दमायच्या आधीच, म्हणजे पोटरी शेवटपर्यंत हाडाला साथ देती. २१ किलोमीटर २ तास ५४ मिनिटांत झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे रेल्वे लातूरला पोचायच्या आधी बर्थवर बसून डावी नडगी अंगठ्यानं वरपासून खालपर्यंत दाबत गेले, त्या जागेवर दोनदा थांबले. काही नव्हतं.